चिंधीला पाय नसतात

इटलीतल्या आमच्या रोक्कामाग्रा गावात 'चिंधी' हा शब्द जपून वापरावा लागतो. ताटल्या पुसायचं फडकं म्हणजे चिंधी. फेब्रुवारीतल्या सणाला मैद्याच्या वेड्यावाकड्या पट्ट्या तळून साखरेत घोळवतात, त्याही चिंध्या. आणि ऑगस्टमधल्या गाढवांच्या शर्यतीत जिंकणाऱ्या पेठेला जो रंगवलेला रेशमी ध्वज मिळतो, ज्याच्यापायी सख्खे शेजारी वर्षभर एकमेकांची तोंडं बघत नाहीत, तीही चिंधीच. फरक एवढाच, की ध्वजाला चिंधी म्हणायचा हक्क फक्त ज्याचा ध्वज त्याच पेठेला. आपल्या पोराला आपण लाडाने 'मेल्या' म्हणतो, पण शेजारीण म्हणाली तर चालेल का? तसंच ते.

सिएनावाले आम्हाला हसतात, कारण ते घोडे पळवतात आणि आम्ही गाढवं. हसू देत. घोडा काय, टाच मारली की पळतो. आमचं गाढव अर्ध्या चौकात जाऊन विचार करायला बसतं, तेव्हा पेठेची खरी लायकी कळते.

गावात पेठा चार. त्यातल्या दोन भरतीच्या, त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. उरलेल्या दोन म्हणजे बगळा आणि सिंह, मधे एक गल्ली, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना सहाशे वर्षांची खुन्नस. मी सिंह पेठेची. आमच्या निशाणावर मागच्या पायांवर उभा राहून जीभ बाहेर काढलेला सिंह आहे, असं आम्ही म्हणतो. ज्या चित्रकाराने तो पहिल्यांदा रंगवला, त्याने जन्मात सिंह बघितला नव्हता. घरी कुत्रं होतं, ते बघून त्याने काम उरकलं. कान पडलेले, डोळ्यांत हाडकाची आशा. सारा गाव आम्हाला कुत्रा पेठ म्हणतो. आम्ही दर वेळी भांडतो, आणि घरी येऊन त्या निशाणाकडे बघितलं की गप्प बसतो.

मी नोर्मा. मधल्या गल्लीत आमच्या बाजूला माझं डुकराच्या मटणाचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वर आर्जिया राहायची. वयाने माझ्या आईएवढी, तरी मी तिला अगंतुगंच करायचे. अहोजाहो केलं की ती मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

आर्जिया जन्माने बगळा. तिचा बाप बगळा पेठेचा झेंडेकरी होता. आमच्याकडे मिरवणुकीत झेंडे नुसते धरत नाहीत, वर उडवतात आणि झेलतात. त्याने एकदा इतक्या जोशात उडवला की झेंडा खाली आलाच नाही, बिशपसाहेबांच्या गॅलरीतल्या द्राक्षांच्या मांडवात अडकला आणि द्राक्षं पिकेपर्यंत तिथेच राहिला. आई लवकर गेली. धाकट्या भावाला, फोस्कोला, आर्जियानेच वाढवलं. फोस्कोने आयुष्यात पहिलं निशाण फडकावलं ते स्वतःच्या दुपट्याचं, आणि ते धुतलं मी, असं ती चारचौघांत सांगायची. फोस्को तेव्हा शाळेत मास्तर झालेला असायचा आणि चारचौघांत त्याचे विद्यार्थीही असायचे.

मग तिने गल्ली ओलांडून आमच्या ओविदिओशी लग्न केलं. ओविदिओ गवंडी होता, दिसायला बरा, आणि दिवसभरात फार तर एक वाक्य बोलायचा. त्याच्यात काय बघितलंस असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तू आमच्या घरी जेवायला बसली असतीस तर विचारलं नसतंस."

त्यात खोटं काही नव्हतं. फोस्कोला लहानपणापासून शब्दांचा आजार. पुढे तो बगळा पेठेच्या ध्वजांचा रखवालदार झाला तेव्हा तर आजार पार हाताबाहेर गेला. गोन्फालोने, म्हणजे मिरवणुकीतलं निशाण, हे मुळात उत्तरेकडच्या रानटी लोकांच्या भाषेत लढाईचं कापड. स्तेंदार्दो, तोही झेंडाच, म्हणजे घट्ट उभा राहा. अल्फिएरे, म्हणजे आमचा झेंडेकरी, हा मुळात अरबांचा घोडेस्वार. आमच्या झेंडेकऱ्यांपैकी निम्मे बसमधून उतरताना धडपडतात, पण शब्द घोडेस्वाराचा. एखादा प्रवासी चुकून त्याच्या तावडीत सापडला की लॅटिनपासून सुरू. आर्जिया इस्त्री करता करता ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "एवढा लांब गेलास आणि पोचलास कुठे? कापडापाशीच ना?"

कारण ती धोबीण होती. गल्लीच्या टोकाला तिची लाँड्री, आणि चारही पेठांचे झेंडे तिच्याकडेच धुवायला यायचे. सुती, रेशमी, तागाचं, यापलीकडे झेंड्यांच्या जाती ती मानत नसे. शर्यतीच्या दिवशी गल्लीपलीकडून आलेल्या बायका माहेरच्या पेठेत जातात, नवऱ्याशी बोलत नाहीत, कधीकधी ताटल्याही फेकतात. आर्जिया कुठेच जायची नाही. रेडिओ मोठा लावायची आणि चादरींना इस्त्री करायची. दोन्ही पेठांना याचा सारखाच राग होता.

तिचं आणि फोस्कोचं घर समोरासमोर. लग्नानंतर तिने दोन खिडक्यांच्या मधे, गल्लीवरून, कप्प्यांवर फिरणारी दोरी टाकून घेतली होती. सकाळी फोस्को त्याचे मळके शर्ट दोरीला चिमटे लावून ओढायचा, ते आर्जियाच्या खिडकीत यायचे. संध्याकाळी धुतलेले परत जायचे. दोन शत्रूपेठांच्या डोक्यावरून रोज एका मास्तरच्या विजारी ये-जा करत होत्या आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते गुलाबी बगळ्यांमुळे.

त्या वर्षी मिरवणुकीच्या तोंडावर चारही पेठांचे झेंडे एकदम आले. आर्जियाने वीज वाचवायला म्हणून बगळ्यांचे पांढरे झेंडे आणि आमचे लाल झेंडे एकाच मशीनमध्ये घातले. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईला हे सुचलंच नसतं. आमच्या लाल रंगाने रात्रभर भिजून जे करायचं ते केलं. रविवारी बगळा पेठ चौकात उतरली, पुढे भरजरी पोशाखात फोस्को, आणि मागे फडफडणारे सगळे बगळे गुलाबी. आमच्या बाजूने कुणीतरी 'फ्लेमिंगो' म्हणालं. गावात ते नाव आजही टिकून आहे.

फोस्को त्याच पोशाखात लाँड्रीत आला. दाराशी दोन्हीकडची माणसं जमलेली. त्याने विचारलं, हे मुद्दाम केलंस का? आर्जिया दिवसभर माफी मागायच्या तयारीत होती, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी तिच्याजवळच उभी होते. पण 'मुद्दाम' म्हटल्यावर ती तडकली.

"अरे, चिंधीच ती," ती म्हणाली. "कच्चा रंग असला की सुटणारच."

घरात म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. पण ती आता सिंह पेठेतली बाई होती, आणि कुत्र्यांच्या देखत बगळ्यांच्या झेंड्याला चिंधी म्हणाली होती. फोस्को म्हणाला, आजपासून मला बहीण नाही. घरी गेला आणि कात्रीने दोरी कापली. तिचं टोक किती वर्षं आर्जियाच्या कप्पीवरून लोंबत होतं.

दोघंही हट्टी. ओविदिओ वारला तेव्हा फोस्को गल्लीच्या त्या कडेपर्यंत आला, टोपी काढून उभा राहिला, पण ओलांडली नाही. फोस्कोची बायको गेली तेव्हा आर्जियाने तेच केलं. तोंडाने दोघंही एकमेकांचं नाव घेत नसत. पण आर्जिया माझ्या दुकानात येऊन काचेतून समोर बघत बसायची. आता फोस्को आपले शर्ट आपणच धुवून गॅलरीत वाळत घालायचा.

"कॉलर बघ," ती म्हणायची. "आतून घासतच नाही मेला."

एका थंडीत बरेच दिवस त्याच्या गॅलरीत कपडेच दिसेनात. आर्जिया रोज येऊन उभी राहायची आणि सॉसेजच्या किमती विचारायची, ज्या तिला पाठ होत्या. शेवटी मीच पाव किलो सॉसेज बांधून पलीकडे गेले. फोस्को न्युमोनियाने झोपला होता. परत येऊन सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "सॉसेजबरोबर थोडं सूप द्यायचंस ना, बावळट."

तर अशी ही आर्जिया. यंदाच्या ऑगस्टमध्ये बगळा पेठ जिंकली. आमचं गाढव दुसऱ्या वळणावर एका पाद्र्याच्या सावलीत जाऊन बसलं. आमची पेठ कैक वर्षं जिंकलेली नाही. अशा पेठेला गावात आजी म्हणतात, आणि आमची आजी आता अंथरुणालाच खिळली आहे. आर्जियाचा मुलगा लेआंद्रो आमच्या पेठेचा कप्तान. बापासारखा गवंडी, बापासारखाच धिप्पाड. गाढव बसलं तेव्हा तो चौकात ढसाढसा रडला आणि आठवडाभर घराबाहेर पडला नाही. त्याच आठवड्यात आर्जियाला झटका आला.

उजवी बाजू गेली, आणि शब्द गेले. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, आता औषधापेक्षा माणसं बरी. करायला सोपं पडावं म्हणून लेआंद्रोने तिची खाट स्वयंपाकघरात खिडकीपाशी आणली. सकाळ-संध्याकाळ मी पावाचं आणि टोमॅटोचं सूप करून वर न्यायचे, आणि तो भरवायचा. विटा लावणारा हात तो. निम्मं सूप तोंडात, निम्मं हनुवटीवर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आर्जियाने डावा हात खिडकीकडे उचलला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "चिंधी."

लेआंद्रोच्या हातातला चमचा खाली पडला. झटक्यानंतर तो तिचा पहिला शब्द होता. संध्याकाळी सूप भरवताना पुन्हा तेच. हात खिडकीकडे, आणि "चिंधी." दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं हिला तळलेल्या चिंध्या खाव्याशा वाटतायत. भर ऑगस्टात, कढईपुढे घामाघूम होऊन मी सणाच्या चिंध्या तळल्या. तिने एक खाल्ली, माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, आणि सूप आल्यावर पुन्हा म्हणाली, "चिंधी." पाद्रीबाबांना वाटलं ती कफनाचं कापड मागतेय. ते बिचारे नमुने घेऊन आले.

लेआंद्रो मात्र एक दिवस खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिला. समोर फोस्कोचं घर. रिवाज असा की जिंकलेला ध्वज पहिला महिना रखवालदाराच्या घरी राहतो. फोस्कोच्या गॅलरीच्या उघड्या दारातून तो दिसत होता. वर देवमाता, खाली सोनेरी पाण्यात एका पायावर उभा बगळा.

"तिला ती हवीये," लेआंद्रो म्हणाला. "नोर्माताई, आईला तिच्या माहेरची चिंधी बघायची आहे."

मलाही ते पटलं. चिंधी म्हणाली होती, ध्वज नाही. मरणाच्या दारात तिने माहेरच्या ध्वजाला माहेरच्या माणसाच्या हक्काने हाक मारली होती. आता फोस्कोच्या कानावर घालायला हवं होतं, आणि ते घालायला सिंह पेठेच्या कप्तानाला, हरलेल्या महिन्यात, बगळ्यांच्या दारात भीक मागायला जावं लागणार होतं. आणि आर्जियाकडे वेळ फार नव्हता.

लेआंद्रोने दाढी केली, लग्नातला कोट घातला. कोटाचं बटण लागेना म्हणून तसाच निघाला. मी सॉसेज बांधून मागे गेले. गल्लीच्या मधोमध तो क्षणभर थांबला. वरच्या खिडक्यांतून दोन्ही पेठा बघत होत्या. मग त्याने पाय टाकला.

फोस्कोने दार उघडलं. म्हातारा वाळून काठी झाला होता, पण टाय लावलेला. लेआंद्रोने एका दमात सगळं सांगून टाकलं. फोस्कोने त्याला आत ये म्हटलं नाही.

"नेमका शब्द कोणता वापरला तिने?"

"चिंधी."

"'त्यांची चिंधी' म्हणाली, की नुसतं चिंधी?"

"नुसतं चिंधी."

"कुठल्या सुरात? मागच्या वेळचा सूर मला आठवतो."

लेआंद्रोला सूरबीर काही कळत नाही. चर्चमध्येही त्याला गायला देत नाहीत. "मामा, तहान लागली की माणूस पाणी मागतं ना," तो म्हणाला, "तशी मागते."

मामा ही हाक त्याने आयुष्यात पहिल्यांदा मारली होती. फोस्को वळून आत गेला आणि ध्वजाकडे तोंड करून उभा राहिला, आम्ही मागोमाग आत शिरलो. मग त्याने तेच सुरू केलं, जे तो प्रत्येक प्रवाशाला ऐकवायचा. पालिओ, म्हणजे शर्यतीत जिंकलेला हा ध्वज, हा शब्द लॅटिनमधून आला. मुळात ते पांघरूण. अंगावर घ्यायचं, घरातलं साधं पांघरूण. पुढे शर्यतीत बक्षीस म्हणून तसलंच कापड द्यायला लागले, म्हणून... इथे तो अडकला. एरवी ज्या ठिकाणी त्याला थांबवायला दोन माणसं लागत, तिथे त्याला एक शब्द पुढे बोलता येईना. मी सॉसेज टेबलावर ठेवून भिंतीकडे बघत बसले.

मग तो घसा खाकरून म्हणाला, की पेठेच्या जुन्या कायद्यात कलम आहे. जिंकलेल्या ध्वजाने शत्रूच्या भूमीवर पाऊल ठेवू नये. लेआंद्रोची मान खाली गेली.

"पाऊल," फोस्को म्हणाला. "शब्द पाऊल आहे. चिंधीला पाय नसतात."

आणि त्याने बोट वर केलं. त्याच्या खिडकीबाहेर ती गंजलेली कप्पी अजून तशीच होती.

दोन्ही पेठांत त्या रात्री काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. बगळ्यांच्या बैठकीत फोस्कोने कलमाचा अर्थ लावण्यात एवढा वेळ घेतला की लोकांनी घरी जायला मिळावं म्हणून होकार दिला. आमच्याकडे चार म्हातारे उठले आणि म्हणाले, बगळ्यांचा ध्वज सिंहाच्या घरात शिरणार म्हणजे काय. मी म्हटलं, आपला तर कैक वर्षांत कुठल्याच घरात शिरला नाही, निदान परक्याचा तरी येऊ दे. यावर ते बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेआंद्रोने नवी दोरी ओवली. कप्प्या फिरेनात, म्हणून मी डुकराची चरबी दिली. बगळ्यांना ध्वज सोन्याच्या दोऱ्याने बांधायचा होता. फोस्को म्हणाला, चिमटे आणा, आर्जियाचे, लाकडी.

भर दुपारी गल्ली माणसांनी भरली. अर्धी लाल, अर्धी पांढरी, मधे मोकळी वाट. एरवी एवढी माणसं समोरासमोर आली की शिट्या, शिव्या आणि मग टोमॅटो. लेआंद्रो आमच्या खिडकीतून दोरी ओढायला लागला आणि रेशमी ध्वज चिमट्यांवर लटकत गल्लीवर आला. वाऱ्याने देवमातेचा चेहरा दुमडला आणि बगळा उताणा पडला. खालून आमचाच कुणीतरी म्हणाला, "वाळली का?" दोन्हीकडचे खो खो हसले, आणि मग हसल्याची लाज वाटून गप्प झाले.

फोस्कोला मात्र पाय होते, त्यामुळे तो जिन्याने आला. मखमली पोशाख, पिसांची टोपी, छातीवर बगळा. आमच्या जिन्यात त्याला आमच्याच माणसांनी वाट दिली. तो दारात उभा राहिला तेव्हा आर्जियाचं जेवण अर्धवट झालेलं होतं, गळ्यात रुमाल नव्हता, आणि सूप हनुवटीवरून मानेकडे चाललं होतं. लेआंद्रोने शेवटचा हिसका दिला आणि ध्वजाचं खालचं टोक खिडकीतून आत येऊन बरोबर तिच्या अंगावर पडलं.

आर्जियाने ध्वजाकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं. फोस्कोने भाषण आणलं होतं, त्याचा कागद त्याने उघडला.

आर्जियाने डाव्या हाताने रेशमाचं टोक उचललं, तोंडापाशी नेलं आणि दाबून धरलं.

"मुका घेतला," लेआंद्रो म्हणाला आणि हुंदका देऊन खिडकीबाहेर ओरडला, "आईने मुका घेतला." खाली गल्लीत ते तोंडातोंडी पसरलं. बगळे रडले, सिंह रडले, भरतीच्या पेठांतले बघायला आलेले लोकही रडले. ढोलवाल्याने ढोल वाजवायला घेतला आणि मग तोही रडायला लागला.

मी खाटेच्या उशाशी होते. मी बघितलं ते असं. आर्जियाने ते टोक हनुवटीच्या डाव्या बाजूपासून उजवीपर्यंत, मग मानेवरून, मग पुन्हा ओठांवरून, चांगलं दाबून फिरवलं. कित्येक दिवस हवं असलेलं काहीतरी अखेर मिळावं, तसं तिचं तोंड झालं होतं. मी मान वळवली. खिडकीच्या चौकटीला खिळा, आणि खिळ्याला निळ्या चौकड्यांचं ताटल्या पुसायचं फडकं. गेले कित्येक दिवस ती त्याच्याकडेच बोट करत होती. मला असं हसू फुटलं की मी एप्रनमध्ये तोंड खुपसलं. लोकांना वाटलं नोर्मा रडतेय. आणि थोड्या वेळाने मी रडतच होते, कारण पुढे जे झालं ते मला आजही सांगताना जड जातं.

तोंड पुसून झाल्यावरही आर्जियाने टोक सोडलं नाही. ओला भाग अंगठा आणि बोटात धरून चोळला. मग बोट उजेडाकडे करून बघितलं, रंग लागलाय का ते. आयुष्यभर प्रत्येक कापडाला तिने हेच केलं होतं, फक्त एकदा राहून गेलं होतं. तिने फोस्कोकडे बघितलं आणि म्हणाली, "पक्का."

फोस्कोच्या हातातून भाषण गळालं. तो मखमलीसकट धपकन खाटेच्या कडेवर बसला. आधी मला वाटलं याला काही झालं, पण तो हसत होता, पिसांची टोपी खाली पडेपर्यंत, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"तेव्हाचा कच्चा होता गं," तो म्हणाला. "कच्चाच होता. तू बरोबर सांगत होतीस."

आर्जियाने डावा हात लांब केला, त्याच्या मखमली कोटाच्या आत बोट घालून शर्टाची कॉलर उलटी केली आणि आतून बघितली.

"मळकी," ती म्हणाली.

त्यानंतर तो रोज दुपारी यायचा. रोज नवा शर्ट, आणि आल्या आल्या कॉलर तिच्यापुढे करायचा. ती बघायची, कधी मान हलवायची, बहुतेक वेळा नाही. फोस्को तिला शब्दांची कुळं सांगत बसायचा आणि तिला उलट बोलता येत नव्हतं, त्यामुळे तो फार सुखात होता. द्राक्षांची तोडणी सुरू व्हायच्या आत ती गेली. शवपेटीवर कुठल्या पेठेचं निशाण घालायचं यावर बैठक बसायला लागली, तेव्हा लेआंद्रो आणि फोस्को दोघांनी मिळून दोन्ही घातली. त्यातलं एकही नीट इस्त्री केलेलं नव्हतं.

मी लेआंद्रोला काही सांगितलं नाही. तो गल्ली ओलांडून गेला ते आईच्या माहेरासाठी, आणि पुन्हा जायला त्याला आता कारण लागत नाही. मामाकडे रविवारी जेवतो.

परवा थंडीत मी पहिल्यांदा बगळा पेठेच्या संग्रहालयात पाय ठेवला. फोस्को जर्मन प्रवाशांच्या एका घोळक्याला घेऊन त्या ध्वजापुढे उभा होता. काचेमागे, खालच्या टोकाला, तांबूस डाग. एका बाईने विचारलं, हे काय? फोस्कोने छाती फुगवून सांगितलं, की ही एका बहिणीच्या ओठांची खूण आहे, माहेरच्या निशाणाला दिलेला शेवटचा मुका. बाईने डोळे पुसले. सगळ्यांनी डागाचे फोटो काढले.

घोळका गेल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नोर्मा, तू सुपात लसूण फार घालतेस."

मी विचारलं, मग धुवून का नाही घेतला, फ्लॉरेन्समध्ये रेशीम साफ करणारी चांगली माणसं आहेत.

"धुवायला देऊ कुणाला?" फोस्को म्हणाला.

जर्मनांच्या बोटांचे ठसे काचेवर उमटले होते. त्याने खिशातून निळ्या चौकड्यांचं फडकं काढलं, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि सावकाश पुसायला लागला.